खवलोबाचा ठसा

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि ते जनतेची सेवा करत होतं. मुलांना गोष्ट इथपर्यंतच सांगून झोपवावं. पुढची मोठ्यांसाठी आहे.

जंगलाचं नाव अस्सलवन. अलीकडे अस्सलवन, पलीकडे दुसरं जंगल, मधे शीव नावाची नदी. अस्सलवनात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाचा पंजा बारशाच्या दिवशी ओल्या मातीत दाबत आणि ती मातीची टिकली भाजून त्याच्या गळ्यात बांधत. याला ठसा म्हणत. ठसा असला की भर दिवसा पाणवठ्यावर जाता येई, रांगेत उभं राहता येई, तक्रार करता येई. नसला की यातलं काहीच करता येत नसे, काम मात्र करता येई. जनतेची सेवा करणाऱ्या त्या अस्वलाचे, म्हणजे झिपररावांचे, आजोबा स्वतः नदी पोहून पलीकडूनच आले होते, पण तेव्हा ठशाचा कायदा व्हायचा होता, म्हणून ते घुसखोर न ठरता संस्थापक ठरले. पाणवठ्यावर त्यांचा पुतळा आहे. पुतळ्याचे दोन्ही पंजे पाणी कापत असल्यासारखे पुढे आहेत आणि त्याचा अर्थ ते जनतेला आशीर्वाद देत आहेत असा सांगितला जातो.

आपली गोष्ट सगुणाची. सगुणा जातीने खवले मांजर. पलीकडची वारुळं वणव्यात जळाली तेव्हा धाकट्या बहिणीला, भागीला, शेपटीवर बसवून ती नदी उतरून आली. भागीला एका रानडुकराच्या घरी लोळायचा चिखल कालवायचं काम मिळालं. सगुणा झिपररावांच्या गुहेत लागली.

गुहेच्या मागच्या कपारीत मधाची पोळी छतापर्यंत रचलेली, त्यामुळे मुंग्यांची रीघ. मुंग्या आणि वाळवी खाणं हे खरं तर अस्वलांचं पिढीजात काम, पण पुढारी झाल्यापासून झिपररावांना खाली वाकता येईनासं झालं होतं. सगुणा दिवसभर जीभ लांब करून मुंग्या वेची, मग झाडलोट करी, मग झिपररावांचे केस विंचरी. वेचलेल्या मुंग्या हाच तिचा पगार. त्याआधी ठसा असलेले दोघे-तिघे ठेवून पाहिले होते, पण ते दुपारी विश्रांती मागत आणि बाईसाहेबांनी, म्हणजे झिपररावांच्या पत्नीने, डोळे वटारले तर उलट वटारत. सगुणा डोळे वटारत नसे. घाबरली की ती अंगाचं वेटोळं करून गोळा होई आणि राग ओसरला की उलगडे. बाईसाहेबांना ही सोय फार आवडली.

सगुणाला एकच गोष्ट हवी होती. ठसा. एकीचा झाला की नियमाप्रमाणे सख्ख्या बहिणीचाही करून मिळे. तेवढ्यासाठी ती राबत होती. झिपररावांनी शब्द दिला होता. पावसाळ्यात ते म्हणत, माती फार ओली आहे. उन्हाळ्यात म्हणत, फार कोरडी आहे. असे सहा पावसाळे गेले, आणि सातव्या पावसाळ्याच्या तोंडावर निवडणूक आली.

प्रमुखपदासाठी दोन उमेदवार होते, झिपरराव आणि मानाजी लांडगा. दोघांचं म्हणणं एकच होतं की जंगलात जे काही वाईट आहे ते नदी पोहून आलं आहे. पाणवठा आटतो, कारण पलीकडचे पितात. आंबे कमी लागतात, कारण पलीकडचे झाडांकडे बघतात. झिपरराव सकाळी गुहेत भाषणाची तालीम करत आणि सगुणा मागे उभी राहून त्यांचे केस विंचरत ऐके.

"पलीकडचे पलीकडे, अलीकडचे आपले," झिपरराव गरजत. मग मागे वळून विचारत, "कसं वाटतंय गं?"

सगुणाला खोटं बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, "शेवटाला आवाज पडतोय सायेब. 'आपले'वर जरा चढवा."

झिपररावांनी चढवला. सभेत टाळ्या पडल्या. सगुणाला त्या टाळ्या गुहेत ऐकू आल्या आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. साहेब निवडून आले की ठसा नक्की, असं तिने भागीला निरोप धाडून कळवलंही. आपल्याविरुद्धच्या घोषणेला आपणच चाल लावून द्यायची आणि वर निकालाची वाट बघायची, एवढा भाबडेपणा फक्त घरकाम करणाऱ्यांकडे असतो.

मानाजी लांडग्याला वाटलं आपण मागे पडतो आहोत. त्याने मागणी केली की उमेदवारांच्या घरांची तपासणी व्हावी, ठसा नसलेलं कोणी कामाला आढळलं तर उमेदवारी रद्द व्हावी. झिपररावांना जाहीरपणे हो म्हणावंच लागलं. समिती नेमली गेली. अध्यक्ष घुबडपंत, मदतीला एक माकड कारकून. घुबडपंतांना दिवसा दिसत नसे, म्हणून तपासणी भर दुपारी ठेवण्यात आली. तरीही मानाजी सापडला, कारण त्याच्या घरी पोरं सांभाळायला पलीकडची टिटवी होती आणि ती घुबडपंतांच्या कानाशी ओरडली. मानाजीने सांगितलं की ही कामाला नाही, ही माझ्या पत्नीची मावशी. समितीने त्याच्या पत्नीची चोच पाहायला मागितली. मानाजीची उमेदवारी गेली, टिटवीला नदीपार घालवण्यात आलं आणि मानाजीच्या पोरांनी आठवडाभर कोणाला झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती झिपररावांकडे येणार होती. सगुणाला मागच्या कपारीत लपवायचं ठरलं. पण कपारीत मध होता आणि मध म्हणजे मतदारांना वाटायचा माल, तो समितीला दिसणं बरं नव्हतं. मग सगुणाला कपारीतून बाहेर काढण्यात आलं आणि मधासमोर मोठी शिळा लावण्याचं काम तिलाच सांगण्यात आलं. ती शिळा ढकलत असतानाच दारात माकडाचा आवाज आला. सगुणा दचकली आणि बैठकीच्या बरोबर मधोमध तिचं वेटोळं झालं.

झिपरराव पत्नीच्या मागे दडले. पण बाईसाहेब खमक्या. प्रचारात वाटेत लागेल त्या दगडाला शेंदूर फासून पुढे जायची उमेदवारांची पद्धत होती, त्यामुळे घरात शेंदूर-तेलाची वाटी कायम कालवलेली असे. बाईसाहेबांनी ती उचलली आणि सगुणावर ओतली. वर जास्वंदीचं फूल ठेवलं.

घुबडपंत अंदाजाने चालत आले आणि सगुणाला अडखळले. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"कुळाचा देव," झिपरराव म्हणाले. "खवलोबा. स्वयंभू आहे."

"याचा ठसा?"

"पंत," झिपररावांनी आवाज पाडला, "देवाकडे ठसा मागता?"

घुबडपंतांनी पंख जोडले. माकडाने सगुणाच्या अंगावर बेलफळ फोडलं. खवल्यांमुळे लागलं नाही, पण ओढ्याकाठच्या गारठ्यासारखी थरथर तिच्या अंगातून गेली आणि माकड ओरडलं की देव हलला. समितीने अहवालात लिहिलं की उमेदवाराच्या घरी ठसा नसलेला कोणी नाही, जागृत देव मात्र आहे.

एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी गुहेपुढे रांग लागली. हरणं आली, भेकरं आली, मानाजी लांडगाही नवस बोलून गेला आणि झिपररावांच्या पक्षात आला. खवलोबा हा अस्सलवनाचा मूळ देव असून तो नदीच्याही आधीपासून इथे आहे, असं संशोधन तीन दिवसांत पूर्ण झालं. खवलोबा पुरुष ठरला, कारण कोणी वेगळं विचारलं नाही. सगुणाने सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत गोळा होऊन बसायचं, मग अंगावरचा शेंदूर तसाच घेऊन झाडलोट करायची. देव झाल्याने घरकाम कमी झालं नव्हतं. उलट नैवेद्यामुळे मुंग्या वाढल्या होत्या. तिने एकदा बाईसाहेबांना विचारलं की दोन कामं होतात, तर एकाचा तरी ठसा मिळेल का. बाईसाहेब म्हणाल्या, "अगं, सगळं जंगल तुझ्या पाया पडतंय. अजून काय पाहिजे तुला?"

झिपरराव बिनविरोध निवडून आले. शपथ खवलोबाच्या साक्षीने झाली. सगुणाने ती वेटोळ्याच्या आतून ऐकली आणि शपथेनंतर लगेच काढलेला पहिला हुकूमही ऐकला. ठसा नसलेल्या प्रत्येकाला पौर्णिमेच्या आत नदीपार घालवायचं होतं. जबरदस्ती केली असं दिसू नये म्हणून प्रत्येकाने जाण्याआधी खवलोबाचं दर्शन घ्यावं आणि आपण स्वखुशीने चाललो असं त्याच्यापुढे म्हणावं, अशी सोय केली होती. त्या संध्याकाळी सगुणा झिपररावांच्या पायांवर पडून भागीसाठी रडली. झिपरराव म्हणाले, कायद्यापुढे सगळे सारखे असतात. मग पंजा तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले की तुझा ठसा मात्र पौर्णिमेनंतर नक्की, तू गप्प बस म्हणजे झालं.

सगुणाने हिशोब केला. ती गप्प राहिली तर ती राहते आणि भागी जाते. ती बोलली तर दोघी जातात. ठसा झाला की कधी तरी भागीला परत आणता येईल, असं तिने स्वतःला बजावलं आणि सकाळी गोळा होऊन बसली.

रांग सुरू झाली. साळिंदरं, मुंगसं, एक म्हातारी घोरपड. प्रत्येकजण "स्वखुशीने चाललो" म्हणे, माकड पानावर खूण करी. सगुणाला कोणाचे चेहरे दिसत नव्हते, फक्त आवाज. ऊन चढल्यावर जो आवाज आला तो तिला हजारात ओळखू आला असता.

"देवा, म्या चालले," भागी म्हणाली. "खुशीनं म्हन म्हनत्यात, तर खुशीनं. माजी थोरली भन याच घरात कामाला हाय. तिला तेवढी राहू दे हितं. लई राबली ती."

सगुणाला ते सहन झालं नाही. सहा पावसाळे जे वेटोळ्यात आवळून धरलं होतं ते सगळं एकदम सुटलं. शेंदराच्या खपल्या तडकल्या, जास्वंद गळून पडली, आणि अस्सलवनाचा मूळ देव चार पायांवर उभा राहिला.

"भागे, म्याच हाय गं," ती म्हणाली.

सगळ्या रांगेने आधी लोटांगण घातलं. देव उलगडला असं माकड ओरडत सुटलं. सगुणाने त्या वाकलेल्या पाठींकडे पाहिलं आणि तिला सर्वांची चीड आली. ती मोठ्याने म्हणाली, "म्या देव न्हाई. म्या सायबांच्या घरी मुंग्या येचते. नदीपल्याडची हाय. माज्याकडं ठसा न्हाई."

मग एक हरीण उठलं आणि झिपररावांकडे बघू लागलं. मग दुसरं. झिपररावांच्या आयुष्यात एवढी जनता एकाच वेळी त्यांच्याकडे बघत होती आणि टाळ्या वाजवत नव्हती, असं प्रथमच घडत होतं. पण ते काही उगीच निवडून आले नव्हते.

"बंधूंनो," त्यांचा आवाज कातर झाला होता, "आपल्या देवाच्या जागी कोण येऊन बसलं होतं पाहा. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली. माझ्या भावना दुखावल्या आहेत. तुमच्या दुखावल्या की नाही?"

जनतेने जरा विचार केला. एका कामवालीच्या पाया पडलो हे मान्य करण्यापेक्षा भावना दुखावून घेणं सोपं होतं. सगळ्यांच्या दुखावल्या. संध्याकाळपर्यंत बैठकीत एक खराखुरा दगड बसवून त्याला शेंदूर लावण्यात आला. तो जास्त सोयीचा निघाला.

सगुणावर देवाची विटंबना केल्याचा खटला भरायचं ठरलं. तेव्हा घुबडपंतांनी अडचण सांगितली. कायद्याप्रमाणे ठसा नसलेल्याला फक्त घालवता येतं, त्याच्यावर खटला चालवता येत नाही, कारण तो जंगलात आहे असं मानलंच जात नाही. आणि हिला घालवली तर ही पलीकडे जाऊन सगळं सांगत बसणार, हे झिपररावांना नको होतं. शेवटी माकडाने ओढ्यावरून माती आणली. माती फार ओली नव्हती, फार कोरडीही नव्हती. सगुणाचा पुढचा पंजा धरून त्यात दाबण्यात आला, टिकली भाजण्यात आली आणि तिच्या गळ्यात बांधण्यात आली. त्यानंतर तिला शिक्षा झाली.

आता बहिणीचाही ठसा करायचा, असं सगुणाने नियम सांगून मागितलं. घुबडपंत म्हणाले, नियम बरोबर आहे, बहिणीला समक्ष हजर करा. भागीला त्याच दिवशी रांगेतल्या बाकीच्यांबरोबर नदीपार घालवलं होतं आणि तोवर ती पलीकडच्या जळक्या रानात शिरली होती. सगुणा तिथेच मातीवर डोकं आपटून रडली. तिने रडून घ्यावं म्हणून समितीने थोडा वेळ कामकाज थांबवलं, याची नोंद आहे.

शिक्षा होती सात पावसाळे सक्तमजुरी. ती देवस्थानात भोगायची होती आणि देवस्थान झिपररावांच्या गुहेतच होतं. सगुणा तिथे मुंग्या वेचते, झाडलोट करते, केस विंचरते. वेचलेल्या मुंग्या आता दंड म्हणून जमा होतात. ती वाकली की गळ्यातली टिकली जमिनीवर टेकते.

पुढच्या अधिवेशनात एका हरणाने मान खाली घालून प्रश्न विचारला की प्रमुखांच्या घरी ठसा नसलेलं कोणी कामाला आहे का. झिपरराव उठले, छातीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "नाही." राजकारणात आल्यापासून ते पहिल्यांदाच खरं बोलले. सभागृहात कोणाचाच विश्वास बसला नाही, पण बहुमत असल्यामुळे उत्तर मंजूर झालं.