सनईवाल्यानं दम खाल्ला

फार पूर्वीची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक सनईवाला राहायचा. त्याची सनई वाजली नाही, तर आसपासच्या कुठल्याच गावात लग्न लागल्यासारखं वाटत नसे. त्याच्या शेजारी बसून त्याचा धाकटा भाऊ सूर धरायचा. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर लांबवत राहायचं. चाल थोरल्याची, सूर धाकट्याचा.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. सनईवाला नऊ दिवस अंथरुणावर होता. ताप उतरला, पण अंगात त्राण राहिलं नाही. उंबऱ्यापर्यंत गेला तरी धाप लागायची. आणि लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं.

लेक म्हणाली होती, "आबा, माझ्या लग्नात तुम्हीच वाजवायचं. दुसऱ्या कुणाची सनई मला नको."

म्हणून ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं सनई तोंडाला लावली. पहिल्या फुंकरीलाच डोळ्यांपुढे अंधारी आली. खांब धरून तो खाली बसला, आणि पुढचे चार दिवस त्याला उठवेना.

बायकोनं गावच्या वैद्य आजीला बोलावलं. आजीनं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाली, "ताप गेलाय. आता औषध एकच. दम खा."

"पडूनच तर आहे की, आजी."

"अरे लेका, दम खा म्हणजे नुसता पडून राहा असं नव्हे. जेवणासारखा खायचा. रोज, थोडा थोडा."

मग तिनं त्याला उताणं झोपवलं आणि त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवला. "नाकानं श्वास घे. हात वर आला पाहिजे. आता ओठांचा चंबू करून हळूच सोड. असं पाच वेळा. मग बाजेच्या कडेला बसून टाचा उचलायच्या, टेकायच्या. दोन दिवसांनी खांब धरून उठायचं, बसायचं. तीनदाच. बोलता बोलता जमेल तेवढंच करायचं. बोलताना धाप लागली की थांब. दुसऱ्या दिवशी अंग जास्त गळालं, तर निम्मं कर. छातीत दुखलं, गरगरलं, तर मला बोलाव."

"आणि सनई?"

"गप्पा मारत विहिरीपर्यंत जाऊन येशील तेव्हा. तेही आधी नुसता सूर धरायचा."

सूर धरणं हे शिकाऊ माणसाचं काम. सनईवाल्याचा चेहरा पडला. बायको म्हणाली, "नऊ दिवसांच्या तापानं उतरलं नाही, एवढं तोंड एका सुरानं उतरलं बघा."

दुसऱ्या दिवसापासून तो दम खाऊ लागला. अंगणात बाज टाकून तो टाचा उचलायचा. शेजारच्या कुंभारानं कुंपणावरून विचारलं, "काय सनईवाले, नाच शिकताय का?"

"होय तर. वरातीत नाचायचंय. तुम्हाला शिकवू का?"

आठ दिवसांनी तो पारापर्यंत चालला, पंधरा दिवसांनी देवळापर्यंत. लेक सोबत असायची. ती काहीतरी विचारायची, तो सांगत चालायचा. त्याचे शब्द तुटायला लागले की तीच दगडावर बसायची आणि म्हणायची, "आबा, माझेच पाय दुखले." एकदा बरं वाटलं म्हणून तो जास्त चालला आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर पडून राहिला. त्यानंतर कुणी न सांगता त्यानं निम्मं केलं.

विहीर गाठायला महिना लागला. तेव्हा त्यानं सनई हातात घेतली आणि सूर धरला. चाल धाकटा भाऊ वाजवू लागला.

लग्नाला आठ दिवस उरले, तेव्हा लेकीच्या मामाच्या घरी केळवण झालं. जेवणानंतर दोघे भाऊ वाजवायला बसले. एक म्हातारा सोयरा सगळ्यांसमोर म्हणाला, "हे काय नवल? थोरला सूर धरतोय आणि धाकटा चाल वाजवतोय? घराण्याचं नाव घालवलंत, पाहुणे."

सनईवाल्याची बोटं शिवशिवली. एक चाल वाजवली असती, तर म्हाताऱ्याचं तोंड बंद झालं असतं. त्यानं लेकीकडे पाहिलं.

"सोयरे," तो म्हणाला, "घराणं कुठं पळून जात नाही. पोरीचं लग्न मात्र आठ दिवसांवर आलंय." आणि त्यानं पुन्हा सूर धरला.

लग्नाचा दिवस उजाडला. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि सनईवाल्यानं चाल सुरू केली. मांडव कान देऊन ऐकू लागला. मध्येच त्याचा श्वास कमी पडला. पूर्वीचा सनईवाला असता, तर त्यानं डोळे पांढरे होईपर्यंत चाल ओढली असती. आता त्यानं सगळ्यांदेखत सनई मांडीवर ठेवली आणि दम खाल्ला. धाकट्यानं सूर तुटू दिला नाही. लोकांना वाटलं, ही चाल अशीच असते.

लेक हार उंच धरून थांबली होती. ती म्हणाली, "होऊ द्या सावकाश, आबा. नवरा कुठं पळून जात नाही."

सगळा मांडव हसला. नवराही हसला. सनईवाला तर इतका हसला, की त्याला आणखी एकदा दम खावा लागला. मग त्यानं सनई उचलली आणि चाल शेवटपर्यंत वाजवली.

तात्पर्य काय, तर आजारातून उठलेल्यानं शक्ती ओढून आणू नये, रोज थोडी थोडी येऊ द्यावी. आणि दमल्यावर चारचौघांत थांबायला लाजू नये.