साळिंदर गुरुजींची सपाट रेघ

माणसांनी माळावर पहिला नांगर घातला, त्या काळातली ही गोष्ट. तिथं साळिंदर गुरुजींची शाळा भरायची. दरवर्षी ते पिल्लांना मोजणीला पाठवत आणि आलेले आकडे ओल्या मातीवर आलेखात मांडत. माणसांची रेघ वर चढत होती, माळढोक पक्ष्यांची खाली उतरत होती.

एकदा माळाचा पाटील लांडगा शाळेत आला. "गुरुजी, ही रेघ बघून पिल्लं जेवेनाशी झालीत. जरा सपाट काढा की."

"आकडे तसे नाहीत, पाटील."

"आकडे कोण बघतंय? मी सांगतोय ना!"

गुरुजी घाबरले. त्यांनी माळढोकांची रेघ सपाट काढली.

दुसऱ्या दिवशी माळढोकीण आली. "गुरुजी, अंडी घालायचे दिवस आलेत. इथंच घालू, का डोंगरापलीकडच्या गवतात जाऊ?"

गुरुजींनी मान खाली घालून रेघ दाखवली.

"सपाट आहे की! मग काय भीती?" ती हसली. तिचं ऐकून बाकीचे माळढोकही तिथंच राहिले.

पंधरा दिवसांत नांगर फिरला. अंडी गेली, अंड्यांवरून न उठलेल्या आया गेल्या. उरलेले पक्षी माणसांच्या कुत्र्यांनी धरले.

पुढच्या वर्षी गुरुजींनी खरी रेघ काढली. ती थेट तळाला टेकली.

"गुरुजी, आता ही आणखी खाली जाईल?" सशाच्या पिल्लानं विचारलं.

"नाही बाळा," गुरुजी म्हणाले, "शून्याच्या खाली जागाच नसते."