लाकडाचे गाव

फार फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात लाकडी खेळणी करणारा एक म्हातारा राहत होता. त्याला एकच मुलगी होती आणि ती आंधळी होती. विणकरणीच्या घरी ती सूत कातायला शिकत असे. म्हातारा तिला रोज हाताला धरून नेई आणि आणी.

आता तो थकला होता. वाटेत वडाखाली बसल्याशिवाय त्याला पुढचे पाऊल टाकवत नसे.

"बाबा, मी एकटी जाईन," मुलगी म्हणे.

"आणि ओढ्यात पडलीस म्हणजे?"

आपल्यामागे ही घरातच बसून राहील, हा विचार त्याला पोखरत असे. म्हणून त्याने एका पाटावर लाकडाचे गाव केले. वड, विहीर, पूल, विणकरणीचे घर, असे एकमेकांत बसणारे तुकडे. वडाची साल खरखरीत ठेवली, पुलाला खाचा पाडल्या, ओढ्याच्या काठाला करवतीसारखे दात ठेवले. मुलगी ते गाव मोडी आणि पुन्हा जुळवी. वडापर्यंतची वाट तिच्या बोटांना पाठ झाली; पुलाकडची अजून व्हायची होती.

मग शेजारी पाहायला आले. एकजण म्हणाला, "म्हातारबा, काम अर्धंच ठेवलंत? रंग नाही, चकाकी नाही. तुमच्या हातचं वाटत नाही."

म्हाताऱ्याला ते लागले. लाखेचा रंग चढवून केवड्याच्या पानाने घासल्याशिवाय खेळणे लोकांना दाखवायचे नाही, ही त्याच्या घराण्याची रीत होती. त्याने दमल्या हातांनी सगळे गाव तासले, रंगवले, घासले. ते आरशासारखे झाले. लोकांनी वाहवा केली.

मुलीने त्यावरून हात फिरवला आणि ती गप्प राहिली.

पुढे म्हाताऱ्याला ताप आला. मुलगी एकटीच निघाली. दुपारी एका धोब्याने तिला घरी आणले. ती ओलीचिंब होती, गुडघे फुटले होते.

"पुलाचं वळण पाटावर होतं ना?" म्हाताऱ्याने विचारले.

"होतं. पण आता हाताला लागत नाही. ओढा आणि रस्ता सारखेच गुळगुळीत झालेत."

"मग बोलली का नाहीस?"

"लोक वाखाणत होते. तुम्ही किती दिवसांनी हसलात."

ताप उतरल्यावर म्हाताऱ्याने पटाशी घेतली आणि रंग खरवडून खाचा पुन्हा पाडायला बसला. प्रत्येक तुकडा तो डोळे मिटून चाचपी, मगच खाली ठेवी.

तोच शेजारी हळहळला, "सोन्यासारखं काम नासवलंत की."

"पाहायचं असेल तर डोळे मिटून या," म्हातारा म्हणाला.

काही काळाने त्याने अंथरूण धरले. रोज सकाळी मुलीच्या काठीचा आवाज वडाकडे जाई, पुलाच्या फळ्यांवर पोकळ वाजे आणि मग विरून जाई. तेवढे ऐकले की म्हातारा कूस बदले. संध्याकाळी तोच आवाज पुलावरून परत येई.

मुलांनो आणि मोठ्यांनो, वस्तू ज्याच्यासाठी करावी त्याच्या हाताने ती तपासावी, चारचौघांच्या डोळ्यांनी नव्हे.