गाळलेली ओळ

एका राज्यात एक राजा होता, त्याला दोन मुली होत्या. थोरली शाल्मली, धाकटी हंसा. थोरलीला राजाने घोडा दिला, तलवार दिली, पंडितांकडून विद्या दिली. धाकटीला काय दिले? थोरलीचे आखूड झालेले परकर. एवढ्या मोठ्या राजवाड्यात हंसाला मायेने हाक मारणारी एकटी तिची ताईच.

पुढे काय झाले, काळजंघ नावाच्या मांत्रिकाने राज्याच्या नदीला शाप दिला. पाण्याच्या जागी राख वाहू लागली. शाप मोडायला शाल्मली निघाली, तर मांत्रिकाने तिलाच एका पोथीत कोंडले आणि पोथी राजवाड्याच्या पायरीवर आणून टाकली. पोथीवर एक मैना बसली होती. ती म्हणाली,

"राजा, जन्मात पहिल्यांदा वाचणाऱ्याने ही पोथी वाचावी. तो वाचील तशी तुझी लेक चालेल. तीन संकटे पार झाली की सुटेल. पोथी मध्येच मिटली, तर कायमची मिटेल. आणि जे वाचले जाणार नाही, ते तिच्या बाबतीत घडणार नाही."

पंडित खाली मान घालून मागे सरले. जन्मभर वाचून बिचारे ऐन वेळी कुचकामी ठरले. तेव्हा कुठे राजाला आठवले की आपल्याला आणखी एक मुलगी आहे, आणि तिला आपण काहीच शिकवलेले नाही.

मैनेने हंसाला धुळीत अक्षरे गिरवायला लावली. बाराखडी झाली, तशी मैनेला खांद्यावर घेऊन हंसा पोथीपुढे बसली.

पहिले संकट काटेरी अरण्याचे. हंसा ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर लावी, आणि शाल्मली तेवढेच एकेक पाऊल टाकी. सराईत वाचणाऱ्याने ते रान घटकेत ओलांडले असते. हंसाला ते दिवसभर पुरले. ताईच्या तळव्यांची चाळण झाली.

दुसरे संकट विसरतळ्याचे. त्यात उतरणाऱ्याच्या मनातून त्याची माणसे पुसली जात. शाल्मली उतरली. बापाचे नाव, आईचा चेहरा, बहिणीचा आवाज, सगळे पाण्यात राहिले. हंसाला रडू कोसळले, पण बोट तिने उचलले नाही.

तिसरे संकट अग्निद्वाराचे. शाल्मली आत शिरली. पहिल्या ओळीत तिला राज्य आठवले, बाप आठवला. पण हंसाला ती ओळ लावायला इतका वेळ लागला, की तोवर ताईच्या वेणीने पेट घेतला. पुढची ओळ चांगली लांब होती, आणि तिची सुरुवातच 'ज्वाळा' अशी.

हंसा मनाशी म्हणाली, "ही वाचलीच नाही, तर ताई भाजणारच नाही."

तिने बोट उचलले आणि खालच्या ओळीवर ठेवले. शाल्मली तत्क्षणी दाराबाहेर आली. काळजंघाची राख झाली, नदीला पाणी आले. राजाने हत्तीवरून साखर वाटली.

पोथीतून उतरून शाल्मली बापाच्या पाया पडली. हंसा धावली. "ताई!"

शाल्मलीने तिच्याकडे पाहिले. "ही कोण, महाराज?"

"हंसा. तुझी धाकटी बहीण. हिनेच पोथी वाचली."

"आपण म्हणता, तर असेल." शाल्मलीने गळ्यातला मोत्यांचा सर काढला आणि हंसाच्या हातावर ठेवला. दासीला देतात तसा. वाईट हेतू नव्हता तिचा. म्हणून तर ते जास्त लागले.

हंसाने पोथी उघडली. पाने कोरी होती. तिने मैनेला विचारले, "तू खांद्यावर बसली होतीस. त्या ओळीत काय होते?"

"कशाला विचारतेस?"

"सांग."

मैनेने मान वळवली आणि ओळ म्हटली. "ज्वाळा अंगाला भिडल्या, तेव्हा शाल्मलीला बहीण आठवली, आणि ती ओरडली, हंसे, घाबरू नकोस, वाच."

नदी वाहते आहे, राज्य नांदते आहे. शाल्मली राणी झाली आणि न्यायाने वागते. लोक म्हणतात, कहाणी सुफळ झाली. झाली असेल. संपूर्ण मात्र झाली नाही.