हैबतीची सात निशाणं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात तातडीचा निरोप कागदावर जात नसे. एका डोंगरावर नगारा वाजे आणि दुसऱ्या डोंगरावरचा माणूस कान देऊन तो ऐके.

राज्याच्या मधोमध एक टेकडी होती. भोवतालच्या पाच डोंगरांवरच्या चौक्या आपले निरोप या टेकडीला देत आणि टेकडी ते खोऱ्यातल्या गावांना कळवी. तिथं भिवराआक्का बसे. तीस वर्षं तिनं हे काम केलं होतं. तिचे कान तिखट, नजर त्याहून तिखट आणि जीभ दोन्हींपेक्षा तिखट.

नगाऱ्याच्या खुणा साऱ्यांना ठाऊक होत्या. एक ठोका, सारं ठीक. दोन ठोके, मदतीला या. तीन-तीन ठोके सतत वाजू लागले, की नदीला पाणी येतंय, काठ सोडा! पुढे कुणी शिंग आणलं, कुणी आरशावर ऊन घेऊन खुणा करू लागलं. आक्काची त्याला ना नव्हती. पण नियम एकच होता. चौकीवर नवा माणूस आला, की त्यानं आधी विचारायचं, 'तुम्हाला काय काय कळतं?' टेकडीनं ते सांगायचं. मग त्यानं म्हणायचं, 'यातलं अमुक वापरू का?' टेकडी हो म्हणाली, की मगच वापरायचं. ज्याला नवं काही नको, त्यानं खुशाल नगारा वाजवावा.

एका वर्षी उत्तरेच्या डोंगरावर हैबती नावाचा चौकीदार आला. राजधानीत शिकलेला. त्याच्याकडे आरसा होता, शिंग होतं, शिवाय सात रंगांची सात निशाणं होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पहिल्याच सकाळी आरसा चमकू लागला, शिंग वाजू लागलं, निशाणं वर-खाली होऊ लागली, सगळं एकदम.

आक्का कपाळावर हात आडवा धरून बघत राहिली.

"अगं बाई! हा निरोप देतोय की वरात काढतोय?"

तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी टेकडीवर शेजारणीला बसवलं, काठी घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती उत्तरेचा डोंगर चढली.

"बाबा रे," ती धापा टाकत म्हणाली, "आधी विचारायचं असतं."

"त्यात काय विचारायचं, आक्का? राजधानीत हे सगळ्यांना येतं."

"ही राजधानी आहे का?"

हैबती हसला. "बरं, विचारतो. आरसा, शिंग आणि सातही निशाणं वापरू का?"

"नाही!"

खरं तर आरशाच्या खुणा आक्काला कळत होत्या. शिंगही कळत होतं. अडचण होती ती निशाणांची. एवढ्या लांबून, उन्हाच्या धुरकट हवेत, पिवळं काय आणि तांबडं काय, सारी एकाच फडक्यासारखी दिसत. पण त्यानं सगळं एका दमात मागितलं आणि तिनं सगळं एका दमात नाकारलं. काय चालेल हे सांगायला ती थांबली नाही, इतकी ती वैतागली होती. त्यानंही ते विचारलं नाही.

"तुम्हीच शिका हळूहळू," तो म्हणाला.

"मला शिकवतोय मेला!" असं पुटपुटत आक्का डोंगर उतरली.

हैबतीलाही राग आला होता. आरसा आणि शिंग कोपऱ्यात ठेवून तो हट्टानं नुसती निशाणंच फडकवू लागला. आक्काही हट्टाला पेटली. तिनं उत्तरेकडे बघणंच सोडलं.

वैशाख होता. नदी आटली होती. पात्रातल्या वाळूत लोकांनी कलिंगडांचे वाफे केले होते आणि राखणीसाठी झोपड्या घातल्या होत्या. एके दिवशी भर दुपारी उत्तरेच्या तळ्याचा जुना बांध खचला. हैबतीनं वरून ते पाहिलं आणि पिवळं निशाण चढवलं. त्याच्या शिकवणीत पिवळं म्हणजे पाणी.

आक्का भाकरी खात होती. डोळ्याच्या कडेला फडफड दिसली. "लागला पुन्हा नाचायला," असं म्हणून तिनं पाठ फिरवली.

हैबती निशाण हलवत राहिला. खाली कुणी हलेना. झोपड्यांपुढचा धूर तसाच, माणसं वाफ्यांत तशीच. आपलं निशाण कुणी वाचत नाही, हे तेव्हा कुठं त्याला उमगलं. तो नगाऱ्याकडे धावला. आल्यापासून त्यानं नगाऱ्याची खोळसुद्धा काढली नव्हती. गाठी सुटेनात. त्यानं दातांनी खोळ फाडली आणि ठोके घातले. तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

आक्काच्या हातातली भाकरी खाली पडली. तिनं आपला नगारा बडवला. माणसं पोरं उचलून पळाली आणि पाणी त्यांच्या टाचांशी आलं. जीव वाचले. कलिंगडं, झोपड्या, चार म्हशी मात्र वाहून गेल्या. कोंडाबाई नावाच्या वाफेवालीचा सासरा ओंडक्याखाली सापडला. त्याचा पाय कायमचा गेला.

पाणी ओसरल्यावर हैबती खाली नदीकाठी आला. आक्का आधीच तिथं उभी होती.

"मी वेळेवर सांगितलं होतं," हैबती म्हणाला. "पिवळं निशाण..."

"कुणाला सांगितलंस?" कोंडाबाईनं विचारलं.

आक्कानं मान खाली घातली.

"निशाणं मला कळत नव्हती," ती म्हणाली. "पण आरसा कळत होता."

"आरसा कळत होता?" हैबती ओरडला. "मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

"तुम्ही नुसतं नाही म्हणालात!"

"तू सगळं एकदम मागितलंस!"

"पुरे!" कोंडाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "तुमचं कोण खरं, ते तुम्ही बघा. तुमचं ठरलं नाही म्हणून वाहून गेलो आम्ही."

शेवटी तिथंच, चिखलात उभं राहून, हैबतीनं हळू विचारलं, "आक्का, तुम्हाला काय काय कळतं?"

"नगारा. आरसा. शिंग."

"मग आरसा वापरू?"

"वापर."

"शिंग?"

"तेही."

निशाणांचं त्यानं विचारलंच नाही. "झालं तर मग," तो म्हणाला. "उद्यापासून असंच."

दोन वाक्यांचं काम होतं. त्यासाठी एका म्हाताऱ्याला जन्मभर कुबडी घ्यावी लागली.

समोरच्याला काय कळतं हे न विचारता दिलेला निरोप आणि आपल्याला काय कळतं हे न सांगता दिलेला नकार, दोन्ही सारखेच मुके.