चंद्रावर गेलेला ताणकाटा

वजनंमापं आपसांत भांडत असत त्या काळातली ही गोष्ट. एका प्रयोगशाळेतला ताणकाटा, एक किलोचं लोखंडी माप आणि पेचकस असे तिघे चंद्रावर पोचले. माप ताणकाट्याच्या हुकाला लटकलं आणि काटा एक पूर्णांक सहा न्यूटनवर थांबला.

माप खवळलं. "पृथ्वीवर तर तू नऊ पूर्णांक आठ दाखवायचास! माझं कणभरही लोखंड झिजलेलं नाही."

"नाहीच झिजलेलं," ताणकाटा म्हणाला. "तुझा किलो तुझ्यापाशीच आहे. जमीन तुला किती जोराने ओढते, तेवढंच मी सांगतो. इथली जमीन एका किलोला एवढंच ओढते."

"स्प्रिंग आखडलीय याची," पेचकस गुरगुरला. "वरचा स्क्रू पिळतो, म्हणजे मुकाट्याने जुना आकडा दाखवेल. ऐकत नसेल तर भंगारात टाकू."

भंगाराचं नाव ऐकूनही ताणकाटा हटला नाही.

"पीळ खुशाल. पण मग माप काढल्यावर रिकाम्या हुकावरही मी आठ पूर्णांक दोन न्यूटन दाखवीन. ते वजन कोणाचं म्हणून सांगशील?"

पेचकसाने स्क्रूवरचं टोक हळूच काढून घेतलं.

पृथ्वीवर परतल्यावर माप पुन्हा हुकाला लटकलं. काटा सरकत सरकत नऊ पूर्णांक आठवर आला.

"आलास ना शेवटी ताळ्यावर!" माप म्हणालं.

"मी होतो तसाच आहे," ताणकाटा म्हणाला. "जमीन बदलली."