देवीला लपवणारा गुरव

ही गोष्ट कधीची, ते विचारू नका. ज्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाच्या लक्षात नाही. पण फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावात देवीचं देऊळ होतं आणि देवळात एक गुरव होता, एवढं मात्र पक्कं.

गुरव माणूस चांगला. पहाटे उठून उंबरा धुवावा, देवीला फुलं वाहावीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर अंगारा ठेवावा, यात त्यानं कधी कसूर केली नाही. खोड एकच होती. तो भित्रा होता. वारा सुटला की त्याला छप्पर उडाल्यासारखं वाटे आणि कुत्रं भुंकलं की चोर आल्यासारखं. बायको हसायची, गावही हसायचं. भित्र्या माणसाला लोक हसतात, कारण त्याची भीती आपलं काय वाकडं करणार, असं त्यांना वाटतं.

देवीला नाक नव्हतं, डोळे नव्हते. मोठ्या नारळाएवढा गोल दगडी तांदळा होता तो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं लालभडक झालेला. पण गावाची सगळी अडीअडचण तिच्यापुढे. पेरणी कधी करायची, विहीर कुठे खणायची, सगळं कौल लावून ठरायचं. गुरव तांदळ्याच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही.

एका दुष्काळी वर्षी ओढ्यापलीकडे विणकरांची नऊ कुटुंबं येऊन उभी राहिली. पोरं उपाशी, बैल हाडं निघालेले. त्यांचा देव वेगळा. त्याला मूर्ती नव्हती की देऊळ नव्हतं. संध्याकाळी ते चटई अंथरत आणि मोकळ्या आभाळाखाली माथा टेकत. यांना ठेवून घ्यावं की वाटेला लावावं, गावाला काही ठरवता येईना.

"आपण कोण ठरवणार?" पाटील म्हणाले. "आईला इचारा."

गुरवानं कौल लावला. सगळं गाव श्वास रोखून बसलं. उजवं फूल टपकन खाली पडलं.

"झालं," पाटील म्हणाले. "आईनंच ठेवून घेतलं. आता कुणी तोंड उघडायचं न्हाई."

विणकर राहिले. ओढ्याच्या काठी झोपड्या उभ्या राहिल्या, मागांची खटखट सुरू झाली. गावानं ज्वारी दिली, त्यांनी कापड दिलं. दोन वर्षं अशी सुखात गेली. फार येणं-जाणं नव्हतं, पण कुणाचं कुणावाचून अडतही नव्हतं.

मग एक दिवस एक फिरता व्यापारी देवळाच्या ओवरीत टेकला. पाणी प्याला, पाय चोळले आणि विणकरांच्या झोपड्यांकडे बोट दाखवून सहज बोलून गेला, "तिकडं लांबच्या मुलखात असल्या लोकांनी देवळं फोडली म्हणं. देव उचलून नेले. मी काय बघितलं न्हाई बाबा, पर लोक बोलतात."

व्यापारी उठून गेला. त्याचं बोलणं मात्र गुरवाच्या पोटात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवसापासून गुरवाला सगळं वेगळंच दिसायला लागलं. विणकरांतला एक म्हातारा रोज दुपारी काठी टेकत यायचा आणि देवळासमोरच्या पिंपळाच्या पारावर बसायचा. तो दोन वर्षं येत होता, पण गुरवाच्या ते आता ध्यानात आलं. म्हातारा तासन्‌तास गाभाऱ्याकडे तोंड करून बसे. मान हलवत नसे, पापणी मिटत नसे. गुरव दाराआडून पाही आणि त्याच्या अंगावर काटा येई. हा देवीवर नजर ठेवून आहे, दुसरं काय!

जाऊन विचारावं, "आजोबा, काय बघताय?" इतकं सोपं होतं ते. पण भ्यालेला माणूस विचारत नाही, तो आपलं आपणच उत्तर ठरवतो.

गुरवाचं अन्न तुटलं. ताटावर बसला की घास फिरे. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं.

"अवं, पर आईनं उजवा कौल दिलाय की," ती म्हणाली. "तिला ठावं नसंल व्हय, कोन कसं हाय त्ये?"

"तुला न्हाई कळायचं. आई भोळी हाय."

बायकोनं भाकरी झाकून ठेवली आणि ती कामाला निघून गेली.

सुगीचे दिवस होते. एका भर दुपारी सारं गाव खळ्यावर होतं. म्हातारा पारावर बसला होता, तसाच गाभाऱ्याकडे तोंड करून. गुरवाला ते सहन होईना. त्यानं देवळाचं मागचं दार उघडलं. तांदळा त्याच्या खोबणीतून सोडवला, आपल्या उपरण्यात गुंडाळला आणि छातीशी धरून घराकडे निघाला. "आई, माफ कर गं. तुझ्याच भल्यासाठी नेतोय." अख्ख्या जगाची आई ती, आणि तिच्या भल्याची काळजी या गुरवाला!

घरामागं त्याचं धान्याचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं. त्या साली ते रिकामं होतं. गुरवानं दोरानं देवीला तळाशी सोडलं, पेवाच्या तोंडावर दगड सरकवला आणि वर माती सारवली. आता कुठे त्याला जरा बरं वाटलं. संध्याकाळी पाटलांना सारं सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण तो पाटलांकडे जायच्या आधीच देवळाकडून किंकाळी आली. दिवा लावायला गेलेल्या बाईनं रिकामी खोबण पाहिली होती.

गुरव धावत पोचला तोवर गाव जमलं होतं. बायका छाती पिटत होत्या. खळ्यावरची माणसं हातातल्या दाताळ्यांसकट आली होती. पाटलांचा चेहरा पांढरा पडला होता. गुरवाला वाटलं, आता सांगावं. त्यानं तोंड उघडलंही. पण त्या माणसांचे डोळे पाहून ते मिटून घेतलं. देवीला खड्ड्यात घालणाऱ्याला हे काय करतील? सात पिढ्यांची पूजा जाईल. कदाचित जीवही जाईल.

"गुरवबाबा," पाटील म्हणाले, "दुपारी देवळापाशी कोन हुतं?"

गुरव म्हणाला, "त्यो... त्यो विणकरांचा म्हातारा. पारावर बसला हुता."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण गावाला तेवढंच पुरलं.

"मी म्हनतच हुतो!" कुणीतरी ओरडलं. तो आधी कधीच काही म्हणाला नव्हता, पण त्या वेळी साऱ्यांना वाटलं की आपणही हेच म्हणत होतो. पलिते पेटले. माणसं ओढ्याकडे निघाली आणि गुरव त्यांच्यात ओढला गेला. कुणीतरी त्याच्याही हातात पलिता दिला. आयुष्यभर तो गर्दीला भ्याला होता. आज तो गर्दीच्या आत होता आणि त्याला दुप्पट भीती वाटत होती.

सूर्य बुडत होता. विणकर चटया अंथरून बसले होते, ते तसेच उठून उभे राहिले. आयांनी पोरांना आत ओढलं.

"आधी झडती घ्या," पाटील ओरडले. "कुनाच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

अंगाला कुणी हात लावला नाही. माग मात्र मोडले. ताणलेले धागे विळ्यांनी तोडले, गाठोडी उसकटली, चुलीतली राखसुद्धा चिवडली. देवी सापडली नाही. सापडली नाही, तसा लोकांचा राग उतरायच्या ऐवजी चढला.

मग सगळ्यात शेवटच्या झोपडीतून तो म्हातारा बाहेर आला. काठीनं जमीन चाचपत आला आणि भलत्याच दिशेला, ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"कोण आलंय?" त्यानं विचारलं. "पुष्कळ पावलं वाजतायत. मला दिसत नाही हो. काय झालं?"

गुरव सगळ्यात जवळ होता. पलित्याच्या उजेडात त्यानं म्हाताऱ्याचे डोळे पाहिले. दोन्ही दुधासारखे पांढरे होते.

"आंधळा?" गुरवाच्या तोंडून शब्द फुटला. "मंग रोज... रोज देवळाकडं तोंड करून..."

"घंटेकडे," म्हातारा म्हणाला. "घंटा वाजली की कळतं, माणसांत आहोत. तुम्ही गुरवबाबा ना? तुमचा आवाज ओळखतो मी."

महिनाभर ज्या नजरेला तो भ्याला होता, ती नजर नव्हतीच. आता तरी बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. तरी तो गप्पच राहिला. एक क्षण, फक्त एक क्षण त्याला आपलं घर आठवलं, आपली पूजा आठवली.

त्या एका क्षणात मागून एक पलिता उडाला आणि कापूस साठवलेल्या झोपडीवर पडला.

भप्पकन जाळ झाला. आतून पोरांचा आक्रोश उठला. तेव्हा गुरव ओरडला, गळ्याच्या शिरा फुटतील असा ओरडला, "देवी माझ्या घरात हाय! मी नेली! मीच नेली!"

गलक्यात कुणाला ऐकू जाईना. तो गर्दीतून घुसत पाटलांच्या पायांवर जाऊन कोसळला. "पाटील, माझ्या पेवात हाय आई. मला भ्या वाटलं, म्हनून लपवली. तिनं उजवा कौल दिला हुता यांच्यासाठी. मी तिचं ऐकलं न्हाई. मला मारा, पर ती आग इझवा!"

गाव जागच्या जागी थिजलं. मग पाटलांनी आपली पगडी फेकली आणि पहिली घागर उचलली. मघाशी जाळायला आलेले हात ओढ्यातलं पाणी उपसू लागले. पोरं वाचली, पण तीन घरं जळाली आणि नऊच्या नऊ माग मोडून पडले होते.

सकाळी पेव उघडलं. आतली कोंदट हवा जाऊ दिली आणि देवीला वर काढलं. दुधानं न्हाऊ घालून तिला खोबणीत बसवलं. मग चावडीवर गाव बसलं. गुरवाला हाकलून द्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं. हाकला म्हणणाऱ्यांत पलिता फेकणाराही होता. पाटील म्हणाले, "ज्यांची घरं जळाली त्यांना इचारा." म्हाताऱ्याला हात धरून आणलं.

म्हातारा म्हणाला, "हाकलू नका. भ्यालेल्या माणसाला देवाजवळच राहू द्या. लांब गेला तर आणखी भिईल."

गुरव ढसाढसा रडला. त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. पाटील हात जोडून म्हणाले, "आजोबा, गाव चुकलं. घरं आमी बांधून देतो, माग करून देतो. ऱ्हावा तुमी."

"मी राहिलोही असतो," म्हातारा म्हणाला. "पण काल संध्याकाळपर्यंत भीती तुमच्या एका माणसाला होती. आता ती आमच्या सगळ्या पोरांना आहे. तुमच्यापैकी कुणी ओढा ओलांडला की ती आईला बिलगतात. त्यांना घेऊन इथं कसं राहू?"



दुपारी नऊ गाड्या निघाल्या. पाटील अनवाणी शिवेपर्यंत गेले. गुरवाच्या बायकोनं गाडीत भाकऱ्यांची चवड ठेवली. एका पोरीनं भाकरीला हात लावायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, ही खाऊ का म्हणून. ते गुरवानं पाहिलं आणि त्याला तिथं उभं राहवेना.

देवीला जागेवर परत बसवायला एक सकाळ पुरली होती. शेजारी मात्र गेले ते गेले, गावानं दोनदा माणसं पाठवली तरी परत आले नाहीत.

म्हणून लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याची आपल्या देवावर श्रद्धा पक्की असते, त्याला शेजाऱ्याच्या देवाची भीती वाटत नाही.